चित्रकाराचा कारखाना : बाबूराव पेंटर आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी



चित्रपटाच्या व्यवसायात ज्याचे चरित्र लिहिण्याच्या भानगडीत सहसा कोणी पडत नाही, असा मनुष्य म्हणजे निर्माता. नटाचा चेहरा लोकांच्या डोळ्यांपुढे असतो, दिग्दर्शकाचे नाव समीक्षकांच्या लेखणीत असते, गाणारे तर थेट माजघरापर्यंत जाऊन पोहोचतात. परंतु ज्याने जागा मिळविली, माणसे जमविली, कर्ज काढले, कच्ची फिल्म संपली तेव्हा मुंबईस माणूस धाडला आणि चित्र पडले तेव्हा घेणेकऱ्यांना तोंड दिले, त्याच्या वाट्याला जमाखर्चाच्या वह्यांखेरीज दुसरे स्मारक येत नाही, आणि त्या वह्याही यथावकाश वाळवीच्या स्वाधीन होतात. आजच्या व्याख्यानासाठी कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांचा विषय मी घेतला आहे तो या दृष्टीने. महाराष्ट्राने त्यांना 'कलामहर्षी' म्हटले आणि ते सर्वथैव यथार्थ आहे. तथापि या पदवीच्या तेजात त्यांच्या आयुष्याचा एक मोठा भाग झाकळून गेला आहे. १९१८ पासून पुढे एक तपाहून अधिक काळ हे गृहस्थ एका कंपनीचे धनी होते. ती कंपनी कोणत्या भांडवलावर उभी राहिली, कशी चालली आणि कशाने मोडली, एवढाच विचार मला येथे करावयाचा आहे. माझे म्हणणे आरंभीच सांगून टाकतो : महाराष्ट्र फिल्म कंपनी ही पैशाच्या जोरावर उभी राहिलीच नव्हती, ती हाताच्या कसबावर उभी होती, आणि एका माणसाच्या हातात मावणार नाही इतकी ती मोठी झाली, तेव्हाच तिचे दिवस भरले.

बाबूरावांचा जन्म ३ जून १८९० रोजी कोल्हापुरात झाला. घराणे मेस्त्रींचे. वडील कृष्णराव हे हरहुन्नरी कारागीर, त्यामुळे हत्यार कसे धरावे आणि लाकडाची शीर कोणत्या बाजूस जाते हे ज्ञान मुलाला अक्षरओळखीच्या आधीच झाले असावे. शालेय शिक्षण फारसे नव्हते. जे शिक्षण झाले ते घरी, आणि चुलतभाऊ आनंदराव यांच्या सहवासात. आनंदराव वयाने वडील, बुद्धीने अधिक कल्पक आणि यंत्राच्या नादात अधिक वेडे. या दोघा भावांची जोडी लवकरच 'पेंटर' या नावाने ओळखली जाऊ लागली आणि मेस्त्री हे आडनाव मागे पडले.

कोल्हापूर हे त्या काळी कारागिरांस अनुकूल असे संस्थान होते. राजर्षी शाहू महाराजांच्या अमदानीत मल्ल, गवई, चित्रकार, नट या सर्वांचा योगक्षेम दरबाराकडून कमीअधिक प्रमाणात चाले. खासबागेचे कुस्त्यांचे मैदान आणि १९१५ साली बांधलेले पॅलेस थिएटर या दोन इमारतींतच त्या अमदानीची अभिरुची दृग्गोचर होते. आबालाल रहिमान यांच्यासारखा श्रेष्ठ चित्रकार कोटितीर्थाच्या काठी राहून, प्रसिद्धीकडे पाठ फिरवून, त्या तळ्याची व झाडांची निसर्गचित्रे काढीत बसलेला असे, आणि नव्या पिढीतील चित्रकार मुले त्याच्याकडे आदराने पाहत. अशा वातावरणात पेंटर बंधूंनी जो व्यवसाय पत्करला तो नाटकाच्या पडद्यांचा.

आजच्या श्रोत्यांना त्या पडद्यांची कल्पना येणे कठीण आहे. संगीत नाटक मंडळ्यांच्या भरभराटीच्या दिवसांत नाटकाची जाहिरात नटांच्या नावाने जितकी होई, तितकीच नव्या पडद्यांच्या नावानेही होई. दरबाराचा पडदा, रस्त्याचा पडदा, अरण्याचा पडदा असे ठरीव पडदे प्रत्येक मंडळीजवळ असतच. परंतु केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श किंवा बालगंधर्वांची मंडळी यांना त्याने समाधान होत नसे. त्यांना महालाच्या खांबांची रांग दूरवर निमुळती होत गेलेली दिसावयास हवी, झाडांच्या पानांतून आलेला उजेड जमिनीवर पडलेला हवा, आणि हे सर्व गॅसबत्तीच्या प्रकाशात, शेवटच्या रांगेतील पिटातल्या प्रेक्षकालाही खरे वाटावयास हवे. सुमारे १९१० पासून पुढील काही वर्षे पेंटर बंधूंनी या कामात जो लौकिक संपादन केला तो असामान्य होता. मला येथे एवढेच नमूद करावयाचे आहे की, सपाट कापडावर खोली निर्माण करणे, प्रकाश कोठून येतो याचा हिशेब ठेवणे आणि माणसाची आकृती कोठे उभी राहिली असता पार्श्वभूमीतून उठून दिसेल हे आधीच जोखणे, या तिन्ही गोष्टी बाबूरावांस कॅमेरा हाती येण्यापूर्वीच अवगत होत्या. पडदे रंगविण्याच्या कामी जी माणसे त्यांच्या हाताखाली होती, त्यांत विष्णुपंत दामले आणि शेख फत्तेलाल हे दोघे होते. पुढे जी फिल्म कंपनी निघाली तिचे मूळ मनुष्यबळ या रंगशाळेतूनच आलेले आहे.

१९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' प्रकट झाला आणि या दोघा भावांना त्या चित्राने झपाटले. त्यांनी एक प्रक्षेपणयंत्र पैदा केले, चित्रपट दाखविण्याचा उद्योग करून पाहिला, आणि ते यंत्र उघडून, जोडून, पुन्हा उघडून त्याचे मर्म जाणून घेतले. फाळके विलायतेस जाऊन कॅमेरा घेऊन आले होते. कोल्हापूरच्या या दोघा कारागिरांना विलायत दूर होती आणि विलायती यंत्राची किंमत त्याहून दूर होती. तेव्हा कॅमेरा आपणच करावा असे त्यांनी ठरविले.

या निश्चयातील धाडस नीट लक्षात यावे म्हणून थोडा तपशील सांगतो. चलच्चित्राच्या कॅमेऱ्यात फिल्मची पट्टी दर सेकंदास सुमारे सोळा वेळा पुढे सरकावी लागते आणि तितक्याच वेळा भिंगापुढे अगदी निश्चल थांबावी लागते. ती सरकत असता फिरत्या झडपेने प्रकाश अडविला पाहिजे, थांबताच तो मोकळा केला पाहिजे. पट्टीच्या कडेला जी बारीक छिद्रे असतात त्यांत अडकून तिला ओढणारा आकडा केसभर चुकला, तर पडद्यावर सारे चित्र थरथरते. अधिक चुकला तर छिद्रे फाटतात. पेटीला कोठे सुईच्या अग्राएवढी फट राहिली तर आतील सर्व फिल्म काळी पडते, आणि हे कळते ते फिल्म धुतल्यानंतर, म्हणजे पैसे खर्ची पडल्यावर. शिवाय कॅमेरा झाला म्हणजे काम संपत नाही. घेतलेली फिल्म धुण्याची, तिच्यावरून दुसरी प्रत छापण्याची साधने लागतात. या सर्व वस्तू पितळेच्या पत्र्यातून, कातकाम करून, कानशीने घासून, कोल्हापुरात तयार करावयाच्या होत्या. मार्गदर्शनाला ग्रंथ नव्हता, आणि असता तरी तो इंग्रजीत असता.

काम चालू असतानाच १९१६ साली आनंदराव वारले. यंत्रविद्येत या जोडीतील मुख्य बुद्धी त्यांची होती असे जे म्हणतात ते खरे मानले, तर बाबूरावांनी हा नाद तेथेच सोडून पुन्हा पडद्यांकडे वळावे हेच व्यवहाराला धरून झाले असते. त्यांनी दामल्यांस हाताशी धरले आणि दोन वर्षे खपून, १९१८ साली कॅमेरा पुरा केला. हा कॅमेरा परदेशी नमुन्यावरून केलेला होता हे खरे आहे, आणि 'पहिला स्वदेशी कॅमेरा' म्हणून त्याचा गौरव करताना आपण ही गोष्ट लपविण्याचे काही कारण नाही. नमुन्यावरून यंत्र करणाऱ्याला नमुना पुरता समजावा लागतो. ज्या काळात आपल्याकडे अनेक उद्योगपतींची स्वदेशी ही बाहेरचा माल आणून त्यावर आपली चिठ्ठी लावण्यापलीकडे जात नव्हती, त्या काळात दोन कारागीर एका यंत्राच्या अंतरंगात शिरले होते, हे मला पुष्कळ वाटते.

कॅमेरा झाला, आता कंपनी हवी होती, आणि कंपनीला रोकड. कोल्हापुरात सरदार-दरकदार होते, सराफ होते, सावकार होते. परंतु आरंभीचे द्रव्यसाहाय्य आले ते तानीबाई कागलकर या गायिकेकडून. एका कलावंत स्त्रीने, आपल्या गळ्याच्या जोरावर मिळविलेले द्रव्य, ज्याचे यश कोणीही छातीठोकपणे सांगू शकत नव्हते अशा उद्योगात घातले. चित्रपटाच्या इतिहासात तिचा उल्लेख एका ओळीत येतो आणि पुढच्या ओळीत ती नाहीशी होते. निर्मात्याच्या चरित्राची उपेक्षा होते अशी तक्रार मी आरंभी केली. तानीबाईंच्या बाबतीत ती उपेक्षा दुहेरी झाली आहे, कारण मराठी चित्रपटाच्या पहिल्या धनकोंत त्यांची गणना करावयास हवी, आणि ती करताना आमच्या इतिहासकारांची लेखणी अजून अडखळते.

अशा रीतीने १९१८ मध्ये महाराष्ट्र फिल्म कंपनी स्थापन झाली. तिचा कारभार कसा होता? आजच्या स्टुडिओत जी खाती दिसतात ती तेथे नव्हती. दामले आज कॅमेऱ्यापाशी, उद्या अंधारखोलीत, परवा देखाव्याचे लाकूड कापण्यात. फत्तेलाल रंगापासून वेशभूषेपर्यंत सर्वत्र. व्यवस्थापनाची बाजू बाबूराव पेंढारकर पाहत, आणि त्यांनीच आपल्या नात्यातील शांताराम वणकुद्रे नावाच्या, गंधर्व मंडळीत थोडे दिवस उमेदवारी केलेल्या मुलाला येथे आणून सोडले. हा मुलगा पडेल ते काम करी, आणि ते करता करता सर्व कामे शिकला. नटवर्ग बाहेरून आणावा लागत नसे. तालमीतले मल्ल भीम, कीचक आणि मावळे होण्यास तयार होते. घोडे, हत्ती, ढाला-तरवारी यांसाठी दरबाराचा आश्रय होता. ज्या वस्तूंसाठी मुंबईच्या कंपन्यांना रोख भाडे मोजावे लागे, त्या येथे स्नेहाने, ओळखीने किंवा महाराजांच्या हुकमाने मिळत. या कंपनीच्या भांडवलाचा हिशेब मांडू गेल्यास रुपयांचा आकडा लहान निघेल. परंतु जमेच्या बाजूला आपल्याला एक सबंध संस्थान लिहावे लागेल.

पहिले चित्र 'सैरंध्री'. ते ७ फेब्रुवारी १९२० रोजी पुण्याच्या आर्यन थिएटरात लागले. कथा कीचकवधाची. याच कथेवरील खाडिलकरांचे नाटक सरकारने १९१० साली जप्त केले होते, कारण कीचकाच्या जागी प्रेक्षकांना कर्झनसाहेब दिसत होते. हा विषय निवडताना बाबूरावांच्या मनात राजकीय हेतू कितपत होता यावर वाद घालता येईल. पुण्याच्या प्रेक्षकाला मात्र तो नाटकाच्या आठवणीसकट मिळाला, हे निर्विवाद आहे. भीमाच्या हातून कीचकाचा वध होतो तो प्रसंग इतका खरा वठला होता की प्रेक्षागृहात किंकाळ्या उठल्या, आणि सरकारी अंमलदारांच्या आक्षेपावरून तो पुढे गाळावा लागला. लोकमान्य टिळकांनी चित्र पाहून बाबूरावांस सुवर्णपदक दिले व 'सिनेमा केसरी' ही पदवी बहाल केली.

'सैरंध्री'चे महत्त्व मला दोन ठिकाणी दिसते. ज्या माणसाची सारी कीर्ती रंगविलेल्या पडद्यांवर उभी होती, त्याने आपल्या चित्रातून रंगविलेला पडदा हद्दपार केला. त्याने लाकडाचे, कापडाचे, गिलाव्याचे, तिन्ही परिमाणे असलेले देखावे उभे केले. नाटकातील डोळ्याला जो पडदा खरा वाटतो तो कॅमेऱ्याच्या डोळ्याला कापड म्हणूनच दिसतो, हे त्याला कोणीतरी सांगण्याची आवश्यकता नव्हती. पडद्याचे कपट करण्यात ज्याचा जन्म गेला, त्यालाच ते कपट कोठे उघडे पडेल हे प्रथम कळले. दुसरी गोष्ट स्त्रियांची. फाळक्यांच्या हरिश्चंद्रातील तारामती एका पुरुषाने वठविली होती. दुर्गाबाई आणि कमलाबाई या मायलेकी 'मोहिनी भस्मासुरा'त आल्या, तरी चित्रपटात काम करणे ही कुलीन स्त्रीची गोष्ट नव्हे हा समज कायम होता. बाबूरावांनी गुलाबबाई आणि अनसूयाबाई या दोघींना पडद्यावर आणले आणि कमलादेवी, सुशीलादेवी ही नावे त्यांना दिली. समाजाने त्यांची जी हेटाळणी केली तिची भरपाई या नव्या नावांनी झाली नाही, हेही सांगितले पाहिजे.

यापुढील चित्रांची यादी वाचून मी आपला वेळ घेत नाही. 'सुरेखा-हरण', 'दामाजी', 'वत्सलाहरण', 'सती पद्मिनी', 'राणा हमीर', 'भक्त प्रल्हाद', 'गजगौरी', 'मुरलीवाला' अशी पुराणे, संतचरित्रे आणि इतिहास यांची मालिका कंपनीने काढली आणि तीवर तिचा चरितार्थ चालला. १९२३ सालच्या 'सिंहगड'पाशी मात्र थांबले पाहिजे. हरिभाऊ आपट्यांच्या 'गड आला पण सिंह गेला' या कादंबरीवर ते बेतलेले होते, आणि त्यात कृत्रिम प्रकाशाचा उपयोग बाबूरावांनी केला. मूकपटाच्या त्या काळात चित्रण सूर्यप्रकाशावर अवलंबून असे. वर पांढरे कापड ताणून उन्हाचा कडकपणा मोडावयाचा आणि ढग आले की काम थांबवून बसावयाचे, ही रूढ पद्धती. रात्रीच्या काळोखात कडा चढून जाणाऱ्या मावळ्यांची कथा अशा उन्हात दाखवावी लागणे हे चित्रकाराच्या डोळ्याला सहन होण्याजोगे नव्हते. या चित्रास अशी काही गर्दी लोटली की, ती पाहूनच मुंबई सरकारला करमणुकीवर कर बसविण्याची कल्पना सुचली, अशी एक आख्यायिका आहे. कर १९२३ साली बसला हे खरे; पण पहिल्या महायुद्धानंतर रित्या पडलेल्या तिजोरीला कल्पना सुचण्यासाठी 'सिंहगड'ची वाट पाहण्याची जरूर नव्हती, असे मला वाटते. आख्यायिका कोल्हापूरकरांच्या अभिमानास शोभते, म्हणून ती राहू द्यावी.

जाहिरातीच्या बाबतीत बाबूरावांमधला चित्रकार आणि धनी हे दोघे एकमेकांस प्रथमच पुरते उपयोगी पडले. चित्रपटाच्या जाहिराती तोवर बहुतेक मजकुरावर भागत. बाबूरावांनी १९२३-२४ च्या सुमारास 'वत्सलाहरण' आणि 'कल्याण खजिना' यांसाठी मोठमोठी रंगीत भित्तिचित्रके स्वतः काढली, चित्राची पुस्तिका छायाचित्रांसह छापली, आणि चौकाचौकांतील भिंतींना प्रदर्शनाचे स्वरूप आणले. ज्याला अक्षर वाचता येत नाही असा प्रेक्षक बहुसंख्य असलेल्या देशात ही केवळ सजावट नव्हती. तो व्यापाराचा मोठा विचार होता. बाबूरावांना व्यवहार कळत नव्हता असे जे सरसकट म्हटले जाते, त्याला या भिंतींचा पुरावा उलट जातो. त्यांना व्यवहार कळत होता, मात्र तो डोळ्यांच्या मार्गाने आला तरच.

आणि मग १९२५ सालचा 'सावकारी पाश'. कथा नारायण हरी आपट्यांची. एक शेतकरी सावकाराच्या खोट्या कागदाला बळी पडतो, जमीन गमावतो आणि गाव सोडून शहरात गिरणीत मजुरीला जातो. शेतकऱ्याचे काम शांतारामांनी केले होते. दख्खनच्या माणसाला ही कथा ऐकीव नव्हती. १८७५ साली सुप्याच्या बाजारात रयतेने सावकारांच्या वह्या आणि कर्जखते जाळली, त्या दंग्याचे लोण पुणे आणि नगर जिल्ह्यांतील गावोगाव पसरले, सरकारने चौकशी नेमली, १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा झाला. आणि तरीही पुढची पन्नास वर्षे अंगठा उठवून घेतलेले दस्तऐवज, चढत जाणारे व्याज आणि दिवाणी कोर्टाचे हुकूमनामे यांचे चक्र चालूच राहिले. हा विषय निबंधांत होता, वर्तमानपत्रांत होता, सत्यशोधकांच्या जलशांत होता. देवादिकांच्या आणि सरदारांच्या पडद्यावर तो आणण्याचे कोणाला सुचले नव्हते.

ज्यांनी हे चित्र पाहिले त्यांच्या स्मरणात एक दृश्य विशेषेकरून राहिले होते : अंधुक प्रकाशातील एक उदास झोपडी, आणि रात्री रडणारे कुत्रे. चित्र मूक होते. त्या कुत्र्याचा आवाज प्रेक्षकाने आपल्या मनात ऐकावयाचा होता. पोशाखी चित्रांच्या त्या युगात दागिने नसलेल्या, रंग फासलेला नसलेल्या माणसांकडे कॅमेरा वळवणारा हा निर्माता आपल्या काळाच्या किती पुढे होता, हे पुढील पिढ्यांनी सांगितले. त्या वेळच्या प्रेक्षकाने काही ते फारसे मानले नाही. धंद्याच्या दृष्टीने चित्र चालले नाही. जो प्रेक्षक दिवसभर सावकाराच्या ओसरीवर बसून आलेला आहे, त्याने संध्याकाळी दोन आणे देऊन पुन्हा तोच सावकार पाहावा, ही अपेक्षा कलावंताने करावी, धन्याने करू नये. बाबूराव दोन्ही होते, आणि या प्रसंगी कलावंताने धन्याचे ऐकले नाही. मला त्याचे दुःख होत नाही. मात्र हे चित्र काढण्याचा अधिकार त्यांना 'सिंहगड' आणि 'कल्याण खजिना' यांच्या गल्ल्याने दिला होता, हे विसरून त्या लोकप्रिय चित्रांना नाके मुरडणारे जे रसिक आहेत, त्यांच्याशी माझे जमत नाही.

आता कंपनीच्या मोडण्याकडे वळतो. बाबूरावांची काम करण्याची रीत सर्वांस माहीत होती. चित्रणापूर्वी प्रत्येक दृश्याची ते रेखाचित्रे काढीत. आकृती कोठे, उजेड कोणत्या बाजूने, पदर कसा पडलेला, हे कागदावर ठरे आणि मग ते कागदाप्रमाणे पडद्यावर उतरेपर्यंत त्यांना चैन नसे. मनासारखा उजेड नसला की थांबावयाचे, मनासारखी मूर्ती नसली की मोडून पुन्हा करावयाची. चित्रशाळेत ही वृत्ती भूषणावह आहे. पण कंपनीच्या पटावर दरमहा मुशाहिरा घेणारी माणसे असतात, थिएटरवाल्यांना तारखा दिलेल्या असतात आणि कर्जाचे व्याज उजेडाची वाट पाहत नाही. उलट पक्षी, ज्या मुलांना त्यांनी झाडू मारण्यापासून कॅमेरा चालविण्यापर्यंत सर्व शिकविले, ती आता मुले राहिली नव्हती. १९२७ साली शांतारामांनी 'नेताजी पालकर' दिग्दर्शित केले, १९२८ साली दामले-फत्तेलालांनी 'महारथी कर्ण' केले. म्हणजे धनी स्वतः हात न लावता कंपनीचे चित्र पुरे होऊ शकते, हे सिद्ध झाले. आणि हे सिद्ध होताच त्या घरात एका धन्याच्या हाताखाली तिघाचौघांनी राहणे कठीण झाले.

१ जून १९२९ रोजी दामले, फत्तेलाल, शांताराम आणि केशवराव धायबर यांनी सीताराम कुलकर्णी या सराफांच्या भांडवलाच्या साहाय्याने कोल्हापुरातच प्रभात फिल्म कंपनी काढली. या फाटाफुटीची कारणे ज्याने त्याने आपापल्या परीने सांगितली आहेत आणि त्यांत कृतघ्नता, हेकेखोरपणा असे शब्दही येतात. मला त्या शब्दांची गरज वाटत नाही. बाबूरावांनी शिष्य तयार केले ते परंपरागत कारखान्यातील उस्तादाच्या पद्धतीने, आणि त्या पद्धतीत शिष्य पुरा तयार झाला की त्याने वेगळे दुकान मांडावे हेच ओघाने येते. फिल्म कंपनी चालवायची असेल तर तयार झालेल्या माणसाला आत ठेवून घेण्याची युक्ती काढावी लागते. भागीदारी द्यावी लागते, नाव द्यावे लागते, आणि आपल्या मनाविरुद्ध काढलेले चित्रही आपल्या कंपनीच्या नावाने जाऊ द्यावे लागते. प्रभातच्या चौघा-पाचांनी आरंभापासून भागीदारीच पत्करली. गुरूच्या घरात कोणती गोष्ट कमी आहे हे त्यांनी दहा वर्षे आतून पाहिले होते. तेथे जे होते ते सर्व त्यांनी बरोबर नेले : देखाव्यांचा भरीवपणा, उजेडाचा हिशेब, संतचरित्राचा जिव्हाळा आणि सामाजिक विषयाचे धाडस. १९३६ सालचा 'संत तुकाराम' दामले-फत्तेलालांनी केला आणि तो व्हेनिसला गौरविला गेला. १९३७ सालचा 'कुंकू' त्याच नारायण हरी आपट्यांच्या कथेवरचा. या दोन चित्रांत मला महाराष्ट्र फिल्म कंपनीचे ऋण, व्याजासह, फेडलेले दिसते. ते फेडले गेले पुण्यात, १९३३ नंतर प्रभात जेथे गेली त्या नव्या वास्तूत, आणि मूळ धनकोच्या खात्यावर त्यातले काही जमा झाले नाही.

शिष्य गेले आणि दोन वर्षांच्या आत बोलपट आला. १९३१ च्या मार्चात मुंबईस 'आलम आरा' लागला, १९३२ साली प्रभातचा 'अयोध्येचा राजा' मराठीत बोलू लागला, आणि याच सुमारास महाराष्ट्र फिल्म कंपनीचा कारभार आटोपला. बोलपटाविषयी बाबूराव साशंक होते. इतक्या कष्टाने घडविलेली दृश्याची भाषा संवादांच्या कोलाहलात बुडून जाईल, अशी भीती त्यांना वाटे. ही भीती निराधार होती असे म्हणावयास मी तयार नाही. पुढील दहा-पंधरा वर्षांतील कितीतरी बोलपट डोळे मिटून पाहता येतात.

पुढे कोल्हापुरात राजघराण्याच्या आश्रयाने शालिनी सिनेटोन निघाले, तेथे बाबूरावांनी १९३५ साली 'उषा' केले आणि १९३६ साली 'सावकारी पाश' पुन्हा, बोलका करून, काढला. न चाललेले चित्र दुसऱ्यांदा काढणारा निर्माता विरळा. येथे पैसा दुसऱ्याचा होता हे मान्य करूनही विरळाच. 'प्रतिभा' १९३७ चे. त्यानंतर चित्रपट मागे पडत गेला, आणि चित्रकला व शिल्प यांकडे ते परत वळले. १९४७ साली शांतारामांनी आपल्या राजकमल स्टुडिओच्या 'लोकशाहीर रामजोशी'साठी गुरूंना मुंबईस बोलावले. त्या चित्राच्या दिग्दर्शनावर दोघांची नावे आहेत. गुरूचा वेग आणि राजकमलच्या वेळापत्रकाचा वेग यांचा मेळ कसा बसला असेल याची कल्पना करणे अवघड नाही. परंतु ज्या मुलाला त्यांनी एकेकाळी पडेल ते काम सांगितले होते, त्याच्या स्टुडिओत, त्याच्या पगारपटावर, जाऊन उभे राहण्यात बाबूरावांनी कमीपणा मानला नाही, ही गोष्ट त्यांच्या स्वभावाविषयी पुष्कळ सांगते. चित्र प्रचंड चालले. 'विश्वामित्र' हे १९५२ चे, आणि १६ जानेवारी १९५४ रोजी कोल्हापुरात त्यांचा अंत झाला.

त्यांच्या मूकपटांपैकी जवळजवळ काहीच आज शिल्लक नाही. नायट्रेटची फिल्म लवकर पेट घेते, न पेटली तर आपोआप कुजते, आणि जी यांतूनही वाचली ती कित्येक ठिकाणी तिच्यातील चांदीसाठी वितळविली गेली. 'मुरलीवाला'चे काही भाग पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात आहेत. 'सैरंध्री', 'सिंहगड', मूक 'सावकारी पाश' यांविषयी आपण जे बोलतो ते छायाचित्रे, पुस्तिका, भित्तिचित्रके आणि पाहिलेल्यांच्या आठवणी यांवरून. म्हणून या सभेत कोल्हापूर, सांगली, सातारा या भागांतील जी जुन्या घराण्यांची मंडळी आहेत त्यांना माझी एक विनंती आहे. आपल्या माळ्यावरच्या पेट्यांत कंपनीच्या वेळची एखादी पुस्तिका, नटाचा फोटो, थिएटरशी झालेल्या कराराचा कागद, पगाराची पावती असे काही असेल, तर ते रद्दीत घालण्यापूर्वी संग्रहालयाला किंवा जवळच्या वाचनालयाला दाखवावे. चित्रांचा तपास बव्हंशी संपला आहे, कंपनीच्या दप्तराचा अजून कोणी नीट केलेला नाही. आणि बाबूराव पेंटरांच्या कारखान्यात कोणाला किती मुशाहिरा होता, तानीबाईंचे पैसे परत गेले की नाही, गुलाबबाई आणि अनसूयाबाई यांचे पुढे काय झाले, या प्रश्नांची उत्तरे मिळाली तर ती तेथेच मिळतील.